देवडीवर कोणाला बसवावे?

सक्करदऱ्याचे नाव भोसल्यांच्या वाड्याशी जोडलेले आहे, म्हणून आरंभ वाड्यापासूनच करतो. जुन्या वाड्यात दालने कितीही असोत, बाहेरच्या माणसाला वाट एकच, देवडीची. देवडीवरचा माणूस नाव-गाव विचारी, दप्तराकडे जायचे की कोठीकडे ते सांगे, आणि गर्दी झाली तर थांबवून ठेवी. संगणकाच्या जगात ‘एपीआय गेटवे’ म्हणतात तो हाच माणूस.

एक अवजड आज्ञावली लिहिण्याऐवजी प्रवेश, ग्रंथालय, परीक्षा, वसतिगृह अशा कामांच्या लहान, स्वतंत्र आज्ञावल्या करावयाच्या, ही मायक्रोसर्व्हिसेसची पद्धत. एका आज्ञावलीने दुसरीला काम कोणत्या ठरीव रीतीने सांगावे, ती रीत म्हणजे एपीआय. २००८ साली डेटाबेस बिघडल्यावर नेटफ्लिक्स कंपनी या वाटेला लागली. तिने आपली ‘झूल’ नावाची देवडी २०१३ मध्ये सर्वांना खुली केली. पुढे अनेक देवड्या बाजारात आल्या, आणि निवडीचा प्रश्न उभा राहिला.

ही निवड केवळ तंत्रज्ञांची आहे असे कलाशाखेच्या वाचकांस वाटेल. त्यांनी को-विन आठवावे. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटाची लसनोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक नावे आली. जागा कोठे रिकामी आहे हे सांगणारे एपीआय सर्वांना खुले होते. हुशार तरुणांनी तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या. देवडीचा नियम असा होता: एका आय. पी. पत्त्यावरून ५ मिनिटांत १०० विनंत्या. शिवाय मिळणारे उत्तर ३० मिनिटांपर्यंत जुने असू शकेल. साठवलेले उत्तर दिले की मूळ डेटाबेसवरचा ताण कमी होतो, हे खरे. पण पत्ता म्हणजे माणूस नव्हे. वसतिगृहातील शंभर मुले एकाच जोडणीवर असली तर देवडीच्या हिशेबी ती एकच व्यक्ती. घरी स्वतंत्र जोडणी असलेला मात्र एकटा शंभर विनंत्यांचा धनी! ज्याच्याकडे फोनच नाही तो तर देवडीपर्यंतही पोहोचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या डिजिटल दरीकडे लक्ष वेधले होते.

तेव्हा निवड करताना पहिला प्रश्न वेगाचा नव्हे, मोजणीचा. देवडी पत्ता मोजते की ओळख पटवून विद्यार्थी मोजते? कॉंग, झूल, अॅमेझॉनची देवडी, गूगलने २०१६ साली घेतलेली ॲपिजी, या साऱ्यांत दुसरी सोय करता येते. फरक खर्चात आणि राबणुकीत आहे. अॅमेझॉन विनंत्यांच्या संख्येवर पैसे घेते. निकालाच्या दिवशी बिल फुगणार हे लेखापालांना आधी सांगावे. कॉंगची मुक्त आवृत्ती फुकट, पण ती सांभाळणारा माणूस फुकट नसतो.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. देवडीवाल्याला कारभार देऊ नये. ओळख तपासणे, वाट दाखवणे, गर्दी आवरणे, एवढेच त्याचे. उशिरा परत आलेल्या पुस्तकाचा दंड किती, हे ग्रंथालयाच्या आज्ञावलीनेच ठरवावे. पण या देवड्यांत आपले नियम घालण्याची सोय असते, आणि मोह होतो. मग दंडाचा दर बदलायचा तरी देवडी उघडावी लागते, आणि ती बिघडली की प्रवेशापासून वसतिगृहापर्यंत सारेच बंद. (या एकाच कारणासाठी देवडीवर नेहमी दोन पहारेकरी, म्हणजे दोन यंत्रे, असावीत.)

आपल्यासारख्या महाविद्यालयात अशा सेवा फार तर चार. तेथे इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुला केलेला एंजिनएक्स सर्व्हर वाट दाखवायला आणि गर्दी आवरायला पुरेसा आहे. कॉंगही मुळात त्याच्याच पायावर उभा आहे. विद्यार्थ्याची ओळख पटवणारी एक छोटी सेवा त्याला जोडावी म्हणजे वसतिगृहावर अन्याय होणार नाही. सेवा दहा-बारा झाल्या तर कॉंगचा विचार करावा. परंतु त्याआधी, परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्री देवडी बंद पडली तर ती उघडायला कोण येणार, त्याचे नाव ठरवून ठेवावे.