हौशी रेडिओ केंद्र : उभारणी आणि स्वयंचलन

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी अंदमान-निकोबार बेटांना तडाखा दिला, तेव्हा तेथील दूरध्वनी यंत्रणा अनेक ठिकाणी कोलमडून पडली. त्या सुमारास हैदराबाद येथील राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे एक पथक पोर्ट ब्लेअर येथे मुक्कामास होते. जगभरच्या हौशी रेडिओचालकांशी संपर्क साधण्याच्या मोहिमेसाठी ते तेथे गेले होते. श्रीमती भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोहीम थांबवली आणि तीच यंत्रे बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवण्याच्या कामी लावली. या यंत्रांना गावातील तारांची अथवा मनोऱ्यांची गरज नव्हती. घटमाला, आकाशक आणि जाणकार चालक एवढ्यावर त्यांचे काम चालू शकत होते.

असे केंद्र कसे उभारावे आणि त्यातील कोणती कामे यंत्राकडे सोपवावीत, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

व्यापारासाठी नव्हे, तर अभ्यास, प्रयोग आणि परस्परसंपर्क यांसाठी नागरिकांनी चालवलेल्या बिनतारी सेवेस हौशी रेडिओ असे म्हणतात. या सेवेसाठी काही कंप्रतापट्टे राखून ठेवलेले आहेत. केंद्र शासनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवणाऱ्या व्यक्तीसच प्रेषक चालवता येतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यासही या परीक्षेस बसता येते. परवान्यावाचून प्रेषण करणे हा गुन्हा आहे, हे शिक्षकांनी आरंभीच विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावे. १९८३ साली स्थापन झालेली हैदराबादची उपरोक्त संस्था या विषयाच्या प्रशिक्षणाचे कार्य करीत आली आहे.

हैदराबादमध्ये जन्मलेला संच

पूर्वी हौशी रेडिओचा तयार संच परदेशातून आणावा लागे व त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे. या शतकाच्या प्रारंभी हैदराबादचे श्री. अशहर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाच्या संचाची रचना केली आणि तिचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. या पहिल्या संचाची शक्ती सुमारे ६ वॉट होती. नेहमीच्या बाजारात मिळणारे सुटे भाग वापरावयाचे, हा त्यांचा दंडक होता. पहिल्या संचातील काही वेटोळी गुंडाळण्यासाठी त्यांनी पाण्याच्या तोटीत बसवावयाचे साधे वॉशर वापरले! पुढे याच मालिकेतील जोडलेली मंडले तयार मिळू लागली, तेव्हा त्यांतील वेटोळी गुंडाळण्याचे काम हैदराबादमधील महिलांच्या गटाने केले.

या संचाचे वैशिष्ट्य त्याच्या नावातच आहे. तो दुहेरी दिशेने चालतो. आपण ज्या पाणंदीने सकाळी शेताकडे जातो, तिनेच सायंकाळी घरी परततो. जाण्यायेण्यासाठी दोन वाटा कोणी बांधत नाही. त्याचप्रमाणे या संचात ग्रहणाच्या वेळी आकाशकाकडून आलेला संकेत मिश्रक, स्फटिकांचा छानक व पुन्हा मिश्रक या मार्गाने कर्ण्यापर्यंत येतो, तर बोलण्याच्या वेळी आपला आवाज त्याच छानकातून उलट दिशेने आकाशकाकडे जातो. कोणत्या विवर्धकास वीज द्यावयाची, एवढेच बोलण्याची कळ ठरवते. त्यामुळे सुट्या भागांची मोठी बचत होते आणि संच समजण्यासही सोपा जातो.

आकाशक

आरंभी ७ मेगाहर्ट्झचा पट्टा सोयीचा असतो. दिवसा काही शेकडा किलोमीटरपर्यंतचे संपर्क त्यावर सामान्यतः साधता येतात. त्यासाठी अर्धतरंग आकाशक पुरेसा आहे. १४३ या संख्येस मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले असता तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. उदाहरणार्थ, ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २० मीटर येते. म्हणजे मध्यभागी तोडलेल्या तारेची प्रत्येक बाजू १० मीटरची असावी. तार थोडी अधिक लांब घ्यावी व मापकावर पाहून हळूहळू कापत जावी.

विजेच्या तारांवरून, त्यांखालून किंवा त्यांच्याजवळून आकाशक कदापि नेऊ नये. वादळाची चिन्हे दिसताच तो संचापासून अलग करावा. याबाबत हयगय झाल्यास जिवावर बेतू शकते.

स्वयंचलन कशाचे करावे?

ज्या कामास अचूकपणा व पुनरावृत्ती लागते, ते यंत्राकडे द्यावे. अशी तीन कामे मुख्य आहेत.

पहिले काम कंप्रता स्थिर राखण्याचे. वेटोळे व धारित्र यांनी बनलेला साधा आंदोलक तापमान बदलले की सरकू लागतो आणि पलीकडच्या माणसाचा आवाज विकृत होतो. बिटएक्सच्या पुढील संचांमध्ये ‘रॅड्विनो’ नावाचे लहानसे मंडल जोडण्यात आले. त्यातील सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे एका चकतीवर सामावलेला छोटा संगणक, फिरत्या गुंडीची स्थिती वाचतो, स्थिर कंप्रता निर्माण करवितो व तिचा आकडा पटलावर दाखवितो. त्याची आज्ञावलीही खुली असल्याने विद्यार्थ्यास ती वाचता व सुधारता येते.

दुसरे काम क्रम पाळण्याचे. बोलण्याची कळ दाबताच प्रथम ग्राही अलग व्हावा, नंतर रिलेने आकाशक प्रेषकाकडे वळवावा आणि रिलेचे स्पर्शक पूर्णपणे बसल्यावरच प्रेषकास शक्ती मिळावी. परत येताना याच्या उलट क्रम असावा. हा क्रम चुकल्यास रिलेच्या स्पर्शकांत ठिणगी पडते व ग्राहीचा नाजूक प्रथम भाग जळतो. काही सहस्रांश सेकंदांचे हे अंतर माणसाच्या हाताने राखता येत नाही. सूक्ष्मनियंत्रक ते सहज राखतो.

तिसरे काम मर्यादा घालण्याचे. कळ अडकून राहिली तर प्रेषक चालूच राहतो, ट्रान्झिस्टर तापतो, घटमाला रिकामी होते आणि इतरांचा मार्ग अडतो. म्हणून तीन मिनिटांनंतर प्रेषण आपोआप थांबेल अशी योजना करावी.

मात्र कोणता संदेश आधी पाठवावयाचा, केव्हा गप्प राहून ऐकावयाचे आणि कोणाचा क्षीण आवाज मदत मागत आहे, हे ठरविण्याचे काम चालकाचेच आहे. तसेच प्रत्येक स्वयंचलित क्रियेस हाताने करावयाचा पर्याय असलाच पाहिजे. क्रमाने फिरवावयाची साधी बटने जोडावीत, आज्ञावली भरलेला एक जादा सूक्ष्मनियंत्रक जवळ ठेवावा आणि मंडलाचा आराखडा पेटीच्या झाकणास आतून चिकटवावा. आपत्तीच्या रात्री दुरुस्ती करणारा कारागीर गावात येऊ शकत नाही. ज्याने संच स्वतः जोडला, त्यालाच तो त्या रात्री पुन्हा चालू करता येतो. स्वतः बांधणीचे खरे मोल हेच होय.

विजेचा हिशेब

समजा, संच ग्रहणाच्या वेळी ०.२५ अँपिअर व प्रेषणाच्या वेळी १.५ अँपिअर प्रवाह घेतो. दिवसातून १० तास ऐकले व १ तास बोलले, तर २.५ अधिक १.५ असे एकूण ४ अँपिअर-तास खर्च होतात. १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची घटमाला एक दिवस पुरेल. लहान सौरपट्टिका जोडल्यास ती पुन्हा भारित करता येते. दाब साडेअकरा व्होल्टच्या खाली जाताच सूचना देणारा दिवाही बसवावा.

शाळांनी काय करावे?

माध्यमिक शाळांनी पहिल्या वर्षी केवळ ग्राही बांधावा व ऐकण्याचा सराव करावा. दुसऱ्या वर्षी शिक्षक व विद्यार्थी यांनी परवान्याची परीक्षा द्यावी. परवाना हाती आल्यावर प्रेषक जोडावा. त्याची पहिली चाचणी आकाशकावर न घेता ५० ओहमच्या रोधभारावर घ्यावी. प्रत्येकी २०० ओहमचे व २ वॉटचे चार कार्बन रोधक समांतर जोडल्यास असा भार तयार होतो. महिन्यातून एकदा मुख्य वीजपुरवठा बंद करून केंद्र चालवून पाहावे. असा सराव झालेले केंद्रच गावाच्या उपयोगी पडते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ७.०५ मेगाहर्ट्झसाठी अर्धतरंग आकाशकाची लांबी काढा.
२. प्रेषणाकडून ग्रहणाकडे येताना क्रियांचा क्रम कोणता असावा? कारणे द्या.
३. आपल्या गावाचा रस्ता व दूरध्वनी एकाच वेळी बंद पडल्यास कोणते तीन संदेश प्रथम पाठवाल? चर्चा करा.