पाचवं कारण



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

अठरावा अध्याय वाचताना आपण बहुधा दोन ठिकाणी थांबतो. सुरुवातीला संन्यास आणि त्याग यांतल्या फरकापाशी, आणि शेवटी शरणागतीच्या श्लोकापाशी. मधले हे चार श्लोक पटकन वाचून पुढे जातो, कारण ते एखाद्या यादीसारखे वाटतात. सध्या आमच्या घरात जे चाललंय त्यात मला ही यादीच जास्त उपयोगी पडते आहे, म्हणून आज तिच्यावर लिहितो.

श्लोक काय सांगतात

भगवंत अर्जुनाला सांगतात की कोणतंही कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. शरीराने, वाणीने किंवा मनाने माणूस जे काही करतो, बरं असो वा वाईट, त्यामागे ही पाचही असतात. असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असं सोळावा श्लोक म्हणतो.

शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर, आणि करण म्हणजे पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, मन आणि बुद्धी अशी बारा साधनं. चेष्टा म्हणजे प्राण, अपान वगैरे वायूंच्या हालचाली. आपण 'दैव' म्हटलं की लगेच नशीब समजतो. आचार्य मात्र इथे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता घेतात, जसा डोळ्यासाठी सूर्य. डोळा कितीही चांगला असला तरी उजेड नसेल तर पाहणं होत नाही. रामानुजाचार्य त्याही पुढे जाऊन दैव म्हणजे अंतर्यामी परमात्मा असा अर्थ करतात. दोघांच्या अर्थात फरक आहे, पण दोघांच्याही मते दैव हा आंधळा जुगार नाही. आपल्या हातात नसलेला, तरीही आपल्याला सांभाळणारा तो भाग आहे.

आमच्या घरातलं उदाहरण

आम्ही पुण्याहून बेंगळुरूला राहायला चाललोय. बायकोची नोकरी तिकडे सुरू होते आहे, मुलीची शाळा जूनमध्ये उघडते, आणि इथल्या भाड्याच्या घराचा करार मे अखेरीला संपतो. सोबत आई येणार. चाळीस वर्षं पुण्यात काढलेली बाई, पण कुरकुर नाही. तिची एकच अट होती: बाबांनी घेतलेली गाडी सोबत न्यायची. "गाडी आली की घर आल्यासारखं वाटेल," असं तिचं म्हणणं.

गाडी अकरा वर्षांची, पेट्रोलची. आणि नेमकी आताच ती लहरी झाली. चार दिवस व्यवस्थित चालते, पाचव्या दिवशी सेल्फ मारला की नुसतं 'टक' वाजतं. आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं तेव्हा असंच झालं, रिक्षाने गेलो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं ओळखीचं आहे. कायम बिघडलेला प्रोग्रॅम परवडतो, पण कधी चालतो, कधी नाही, आणि दुसऱ्याला दाखवायला गेलं की हमखास चालतो, असा नको.

एका गॅरेजमध्ये 'बॅटरी बदला' म्हणाले. मल्टीमीटर लावून पाहिला. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, इंजिन सुरू असताना १४.१. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही ठीक. मग एका जुन्या मिस्त्रींनी सेल्फ मारत असताना बॅटरीची ऋण बाजू आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामधला व्होल्टेज मोजला. तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, इथे दीड निघाला. अर्थिंगची केबल आतून गंजली होती. केबल बदलली. तीन आठवडे गाडी छान चालली. परवा सकाळी पुन्हा एकदा 'टक', आणि दुसऱ्या खेपेला सुरू.

आता पुणे ते बेंगळुरू अंतर साधारण ८४० किलोमीटर. नवले पूल सोडला की कात्रजचा बोगदा, खंबाटकी घाट, सातारा, कोल्हापूर, कागलपुढे हद्द ओलांडून निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी. या रस्त्यावर आई आणि आठ वर्षांची मुलगी मागे बसलेली, आणि गाडी अशी. रात्री झोप लागेना.

पाच कारणं मांडून पाहिली

श्लोकाचा मूळ अर्थ देह आणि आत्म्याबद्दल आहे, तो गाडीबद्दल नाही, हे आधीच सांगतो. पण ही पाच नावं कागदावर लिहून समोर आपापली गोष्ट मांडली की गुंता सुटतो, असा माझा अनुभव आहे.

अधिष्ठान, म्हणजे काम जिथे घडायचं ती जागा: दोन राज्यं आणि त्यांचे नियम. मी कायदा उघडून वाचला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ४७ सांगतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८ वर. रोड टॅक्सचा हिशेब राज्याराज्याचा वेगळा, कर्नाटकात तो गाडीचं वय आणि किंमत पाहून ठरतो. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे आमच्या गाडीची अजून चार उरली. त्या चार वर्षांसाठी टॅक्स भरायचा का, हा खरा प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर मे महिन्यातच द्यायची सक्ती नाही. इतके दिवस घर हलवणं आणि गाडी हलवणं ही मनात एकच गाठ होती. ती इथे सुटली.

कर्ता: मी. मला रात्री घाटात गाडी चालवायची सवय नाही. म्हणजे प्रवास दिवसाच, कोल्हापूर आणि हुबळीला मुक्काम करून.

करण: गाडी. ती साधन आहे. साधनाची परीक्षा घ्यावी, डागडुजी करावी, पण साधन कधीच शंभर टक्के खात्री देत नाही. आपले डोळे-गुडघे तरी कुठे देतात?

चेष्टा: सगळे प्रयत्न. कूलंट, बेल्ट, टायर, स्टेपनी तपासणं, स्टार्टर मोटर उघडून पाहणं, विमा आणि पीयूसीच्या तारखा बघणं, पोहोचायच्या गावांतल्या गॅरेजचे नंबर लिहून ठेवणं.

आणि दैव. यादीत ते पाचवं आहे. पहिली चार लिहून झाल्यावर त्याच्यासमोर मी काहीच लिहिलं नाही. तो रकाना रिकामाच ठेवायचा असतो, तो भरणारा वेगळा आहे.

एवढं झाल्यावर निर्णय सोपा झाला. आई, मुलगी आणि मी उद्यान एक्सप्रेसने जाणार. गाडी कोथरूडला मामाच्या बिल्डिंगमध्ये राहील. स्टार्टरचं काम झालं आणि महिनाभर ती न अडखळता सुरू झाली, की एका शनिवार-रविवारी येऊन मी एकटा घेऊन जाईन. नाहीच झालं, तर इथेच विकू. आईला हे सांगताना मला धाकधूक होती. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "दादाला सांग, आठवड्यातून एकदा सुरू करत जा म्हणावं. आणि विकायची वेळ आली तर आधी मला सांग, एकदा बसून येईन." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं होतं प्रश्न गाडीचा आहे. तिच्यासाठी तो बाबांना मागे ठेवून जाण्याचा होता. ते दुःख माझ्या कोणत्याही यादीने सुटणार नव्हतं. मी नुसता तिच्याजवळ बसलो.

सोळावा श्लोक पुन्हा

'मीच कर्ता' हा समज दोन्ही बाजूंनी छळतो. गाडी सुरू झाली तर माझी हुशारी, बंद पडली तर माझं अपयश. पाच कारणं मान्य केली की दोन्ही ओझी हलकी होतात. पण प्रयत्न मात्र कमी होत नाहीत, हे लक्षात घ्या. यादीत चेष्टा आहेतच. दैवावर सोडणं म्हणजे चौथं कारण गाळून पाचव्यावर उडी मारणं नव्हे. तसंच, चारांवरच सगळा भार टाकून पाचव्याला विसरणं हेही नव्हे.

आजचा अभ्यास

१. सध्या तुमची झोप उडवणारी एक गोष्ट घ्या आणि पाच रकाने करा.
२. दोन वेगळे प्रश्न एकाच गाठीत बांधलेत का, ते पाहा.
३. चौथा रकाना प्रामाणिकपणे भरा. पाचवा रिकामा ठेवून नमस्कार करा.
४. या प्रश्नात घरातल्या कोणाचं न बोललेलं दुःख आहे का? असेल तर उपाय सांगू नका, आधी ऐका.

प्रार्थना

हे पांडुरंगा, जे माझ्या हाताचं आहे ते आळस न करता माझ्याकडून करून घे. जे तुझ्या हातचं आहे ते तुझ्याकडे ठेवायची बुद्धी दे. आणि जे आपलं गाव सोडून निघालेत, त्यांच्या पुढच्या गावातही तू आधीच उभा आहेस, एवढा विश्वास त्यांच्या मनात राहू दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥