ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना हे जरूर सांगा

ऑपरेशन ठरलं की मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी हे सगळं आपण सांगतो. आर्य वैश्य समाजातल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, की आपला समाज कोणता हेही भूलतज्ज्ञांना आपणहून सांगा. घरात कुणाला भुलीनंतर श्वास घ्यायला फार उशीर लागला असेल, तर तेही सांगा.

श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी स्नायू सैल करायला अनेकदा स्कोलिन हे इंजेक्शन देतात. रक्तातलं एक एन्झाइम, कोलिनएस्टरेज, त्याचा काही मिनिटांत निकाल लावतं. ज्यांच्याकडे या एन्झाइमच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, त्यांच्यात हे एन्झाइम जवळपास नसतंच. मग स्नायू तासन् तास लुळे राहतात, श्वासाचेसुद्धा. व्हेंटिलेटर आणि झोपेचं औषध चालू ठेवलं, तर परिणाम आपोआप ओसरतो आणि रुग्ण पूर्ण बरा होतो. धोका आहे तो कुणाला कल्पनाच नसण्यात. आधी कळलं, तर स्कोलिन टाळून दुसरं औषध देता येतं.

हा दोष आर्य वैश्य समाजात जास्त आढळतो. याच समाजात इतका का? 2009 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की हा समाज दोन-तीन हजार वर्षांपूर्वी थोड्याच पूर्वजांपासून वाढला आणि त्यानंतर बाहेरची सरमिसळ फारशी झाली नाही. त्यामुळे नात्यात लग्न झालेलं नसलं, गोत्र वेगळं असलं, तरी नवरा-बायको दोघांकडे त्याच पूर्वजाची सदोष प्रत असू शकते. यात कुणाचाही दोष नाही. आपल्या देशात असे समाज पुष्कळ आहेत. 2017 सालच्या एका अभ्यासात तपासलेल्या 263 समूहांपैकी 81 समूहांत अशा मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षाही गडद आढळला.

सीरम कोलिनएस्टरेज ही साधी रक्तचाचणी आहे. दोन्ही प्रती सदोष निघाल्या तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा. आईवडील दोघे वाहक असतील, म्हणजे दोघांकडे एकेक सदोष प्रत असेल, तर प्रत्येक भावंडात ही शक्यता 25 टक्के असते. एरवी हा दोष असलेल्या माणसाला काहीही त्रास होत नाही, औषध लागत नाही. एवढ्यावरून ठरलेलं लग्न मोडू नका.

रिपोर्ट मात्र जपून ठेवा. कीटकनाशकाच्या विषबाधेतही हेच एन्झाइम तपासतात. मुळातच ते कमी असलेल्या माणसाला विषबाधा झाली असं समजून उपचार सुरू होऊ शकतात, तेव्हा हा जुना कागद डॉक्टरांपुढे ठेवा.