चला, एक बांटू भाषा घडवूया! (पाठ पहिला : उच्चार)

मंडळी, कथा-सिनेमात आफ्रिकन पात्र आलं की त्याच्या तोंडी काहीतरी 'हुंबा-झुंबा' घालून लेखक बरेचदा मोकळा होतो. प्रत्यक्षात आफ्रिकेतल्या सुमारे ५०० बांटू भाषा अतिशय नियमबद्ध आहेत. आपण एक काल्पनिक बांटू भाषा रचू, म्हणजे हे नियम सहज कळतील.

१. स्वर : अ, इ, उ, ए, ओ. स्वाहिलीत एवढेच पाच आहेत, तेच घेऊ.

२. अक्षर शक्यतो स्वराने संपवायचं. इंग्रजी 'बायसिकल'चं स्वाहिलीत 'बाइसिकेलि' झालं ते यामुळेच.

३. 'म्ब', 'न्द' हे जोड तोडायचे नाहीत. आपण 'आम्-बा' म्हणतो. स्वाहिलीत आंब्याला 'ए-म्बे' म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीलाही हे जोड चालतात : 'न्दिझि' म्हणजे केळं.

४. नामाला उपसर्ग हवा. स्वाहिलीत 'किति' म्हणजे खुर्ची, 'विति' म्हणजे खुर्च्या. गंमत म्हणजे अरबी 'किताब' तिथे 'किताबु' झालं आणि त्यातल्या 'कि'लाच उपसर्ग समजून अनेकवचन केलं 'विताबु'!

५. आता खरी मजा. केनियातल्या गिकुयू भाषेत 'कि' उपसर्गापुढे क, त यांसारखं अघोष व्यंजन आलं, तर 'कि'चा 'गि' होतो. 'गिकुयू' या नावातही हेच घडलंय. संस्कृतात 'भभूव' न होता 'बभूव' होतं, त्याचीच ही आफ्रिकेतली चुलत बहीण : एकसारखे दोन उच्चार लागोपाठ नकोत. हा नियम आपण घेऊ.

६. सूर : बहुतेक बांटू भाषांत सूर उंच की खालचा यावरून अर्थ बदलतो. स्वाहिलीत हे उरलेलं नाही. तिथे उपान्त्य अक्षरावर जोर देतात. पहिल्याच पाठात डोकेदुखी नको, म्हणून आपणही जोरच घेऊ.

गृहपाठ : '-तापो' आणि '-बन्दे' यांना 'कि-' लावा. (उत्तर : गितापो, किबन्दे.) 'हुंबा-झुंबा'ला असे प्रश्न विचारता येत नाहीत, कारण त्याच्यामागे नियमच नाही.

२०१८ च्या 'ब्लॅक पँथर' सिनेमात काल्पनिक वाकांडाच्या लोकांसाठी खोसा ही खरी बांटू भाषाच वापरली. देश काल्पनिक असला तरी भाषेचा मान राखता येतो. आपली भाषा कुणी नुसता गोंगाट समजलं तर आपल्याला चालेल का? मग दुसऱ्याच्या भाषेलाही तोच न्याय हवा.