शेंगोळ्यांचा गंज आणि तुझं ताट

अगं, कापूस वेचणीच्या दिवसांत तुझ्या जेवणाचे काय हाल होतात ते मला ठाऊक आहे. दिवाळीच्या आगेमागे पराटी फुटली की मोताळ्याकडे घरातली बाई संक्रांतीपर्यंत दिवसाउजेडी घरी सापडत नाही. सकाळी दव सुकलं की वावरात, दिवेलागणीला परत, आणि आल्या आल्या चुलीपुढे. सगळ्यांना तव्यावरची गरम भाकरी वाढायची आणि आपण मागून थंड, उरलंसुरलं खायचं. मला हेच खटकतं बाई. म्हणून सांगते, या दिवसांत रोज संध्याकाळी भाकरी-भाजी-वरणाचा पसारा मांडू नकोस. मधून मधून हुलग्याचे शेंगोळे कर. एका गंजात सगळ्यांचं जेवण होतं आणि तुलाही पंगतीत बसता येतं.

पिठाची सोय आधीच करून ठेव. वेचणी जोरात यायच्या आत हुलगे निवडून दळून आण, एकदा दळलं की बरेच दिवस पुरतं. चार-पाच माणसांना दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं आणि अर्धी गव्हाचं. गव्हाचं टाळू नकोस, त्याने शेंगोळे फुटत नाहीत. त्यात जिरं, थोडा ओवा, हळद, मीठ घालून घट्ट मळ.

आता मिरचीचं. बाकीच्या बाया लसूण-मिरचीचा ठेचा पिठातच मळतात, चवही छान येते. पण सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी तुझी बोटं ओरखडलेली असतात. त्या बोटांना मिरची लागली तर रात्रभर आग होते, झोप येत नाही. तू पिठात नुसता लसूण घाल आणि मिरचीचा ठेचा फोडणीत परत. हाताला तेल लावून मगच वळायला बस.

आणि एकटीने वळू नकोस! तळहातावर करंगळीएवढी वळी करायची, टोकं जुळवून कडं करायचं, एवढंच तर काम. पोरं हौसेने करतात, आणि घरधन्यानेही करावं. दिवसभर वावरात दोघंही राबता, मग संध्याकाळी परातीपुढे तू एकटीच का?

तेलात जिरं, भरपूर लसूण, ठेचा परतून सहा-सात वाट्या पाणी घाल, मीठ टाक. पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय शेंगोळे सोडायचे नाहीत, आणि सोडल्यावर पाच मिनिटं डावही लावायचा नाही, नाहीतर सगळा लगदा होतो. परातीला चिकटलेलं पीठ पाण्याने खंगाळून तेही गंजात ओत, रस्सा त्यानेच दाट होतो. मग मंद आंचेवर वीसेक मिनिटं. एक शेंगोळा मोडून बघ, आत कोरडं पांढुरकं पीठ दिसलं तर अजून थांब. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घाल.

सासूबाईंना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नसेल, तर सकाळची भाकरी कुस्करून त्यावर गरम रस्सा वाढ. दातांना त्रास नाही, आणि तुला वेगळा तवाही ठेवावा लागत नाही.

हुलग्याचाच आग्रह का, तर शंभर ग्रॅम हुलग्यात एकवीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, लोहही चांगलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी असल्याचं आढळलं. वाकून वाकून वेचताना डोळ्यांपुढे अंधारी येते, ती नेहमी उन्हानेच येते असं समजू नकोस. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा रक्त तपासून घे. नुसत्या शेंगोळ्यांनी ते भरून निघेल असं मी म्हणत नाही, गोळ्या दिल्या तर त्या नेमाने घ्यायच्या. पण ताटात लिंबू पिळत जा, लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवल्याबरोबर चहा नको, तासभर तरी जाऊ दे.

वाढताना पहिल्यांदा सगळ्यांच्या ताटांबरोबर तुझंही ताट वाढ. कोणाला आणखी रस्सा लागला तर गंज मधेच ठेवलेला आहे, ज्याचा त्याने घ्यावा.