मागे घर जोडून निघालीस खरी!

अगं, कॅरव्हॅन घेतलीस आणि आता झोप उडालीय म्हणतेस! दिवाळीच्या सुट्टीत सासू-सासरे, पोरं आणि मागे ओढायची ती पांढरी खोली घेऊन वेरूळ, म्हैसमाळ, जमलं तर अजिंठा. बेत झकास आहे. 2021 मध्ये सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आपल्याकडे अजून तुझ्या गाडीभोवती माणसं गोळा होणारच. होऊ देत. एक मात्र विसरू नकोस, ट्रेलर हे कायद्यानं स्वतंत्र वाहन आहे. त्याचे कागद आणि विमा वेगळा जपून ठेव.

तुला रिव्हर्सची भीती आहे ना? सगळ्यांनाच असते. रविवारी सकाळी एखादं मोकळं मैदान गाठ. स्टिअरिंगला हात खालून धर, सहाच्या काट्याजवळ. ट्रेलरची मागची बाजू जिकडे न्यायची, तिकडेच हात सरकव. वरून धरलंस तर सगळं उलटं होतं आणि मग नवरा खिडकीतून ओरडतो. थोडंसंच वळव, थांब, बघ. फारच वाकडं झालं तर पुढे घे आणि पुन्हा कर, त्यात कसली लाज?

खरं सांगू का, खरी काळजी वजनाची आहे. आपल्या आज्यांना बैलगाडी भरायला कुणी शिकवलं नव्हतं, पण मागे जास्त ओझं झालं की गाडी उलाळ होते हे त्यांना ठाऊक होतं. तुझ्या ट्रेलरचंही तेच. जड सामान चाकांच्या आसावर किंवा त्याच्या जरा पुढे ठेव. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या हुकवर आला पाहिजे, म्हणजे 800 किलोच्या ट्रेलरला 80 ते 120 किलो. निघण्याआधी भुईकाट्यावर एकदा तोलून घे. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरलीस की शंभर किलो वाढलेच, तेव्हा इथून पाणी भरून निघण्यापेक्षा मुक्कामी भर. आणि पापड-कुरडयांचे डबे चार दिवसांपुरतेच ने गं. मी पहिल्यांदा निम्मा ओटा उचलून नेला होता, हिंगाची डबी तेवढी घरी राहिली. रस्त्यात मागचा ट्रेलर झुलायला लागला तर ब्रेकवर जोरात पाय नको, स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोड.

आपलं शहर दरवाजांचं. ट्रेलरची उंची-रुंदी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटव, कमानीखाली गेल्यावर अंदाज करत बसू नकोस. दौलताबादच्या जुन्या वेशीत सुट्टीच्या दिवशी कोंडी ठरलेली असते. लांब पडलं तरी कसाबखेड्याकडून वेरूळ गाठ. वेरूळला मंगळवारी लेणी बंद असतात आणि अजिंठ्याला सोमवारी, एवढं बघून बेत आख. अजिंठ्याला तर तुझी गाडी लेण्यांपर्यंत जातच नाही. फर्दापूर फाट्यावरून बसनंच जावं लागतं. फर्दापूरला एमटीडीसीचं निवासस्थान आहे, तिथे ट्रेलर उभा करता येईल का हे आधी फोन करून विचार.

मुक्कामाला उजेडात पोच, यात मी काही ऐकून घेणार नाही. अंधारात जागा कधीच नीट दिसत नाही. आपली काळी माती कोरडी असताना दगडासारखी वाटते, पण परतीच्या पावसाची एक सर आली की चाकं गिळते. मुरमाची जागा बघ. नाथसागराच्या काठचा गाळ कितीही सपाट दिसला तरी त्याच्यावर उतरू नकोस, आणि तो परिसर पक्षी अभयारण्य आहे हेही लक्षात असू दे. गौताळ्यात बिबटे आहेत, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. म्हैसमाळलाही कड्यापासून लांब राहा, वारा फार.

उभं करताना क्रम चुकवू नकोस. आधी डावी-उजवी बाजू समतल कर, लागलं तर एका चाकाखाली फळी घाल. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि त्यानंतरच गाडीपासून हुक सोडव. ठोकळ्यांआधी हुक सोडवलास तर उतारावर तुझं घर तुला न विचारता निघेल. पुढचं-मागचं नंतर पुढच्या छोट्या चाकानं जुळव, आणि शेवटी कोपऱ्यातले पाय टेकव. ते पाय फक्त हलू नये म्हणून असतात बघ, त्यांच्यावर ट्रेलर उचलायचा नसतो.

आता स्वयंपाक. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून खालच्या बाजूला जाळी ठेवलेली असते. थंडी वाजते म्हणून सासूबाई तिच्यात चादर कोंबतील, त्यांना प्रेमानं पण ठामपणे अडव. शेगडी किंवा निखारे आत घेऊन झोपायचं नाही, म्हणजे नाहीच. त्या धुरातला विषारी वायू वासावरूनही कळत नाही. वीज शेजारच्या ढाब्यावरून घेतलीस तर अर्थिंग आहे का विचार आणि वायरचं गुंडाळं पूर्ण सोड, गुंडाळलेली वायर तापते. इंडक्शन आणि गिझर एकदम लावू नकोस.

लेण्यांच्या आणि दौलताबाद किल्ल्याच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. तिथे धूर, अत्तर, पोरांची दगडफेक, काहीच नको. माश्या उठल्याच तर हात झटकत उभी राहू नकोस, आत शिर आणि खिडक्या लाव.

निघताना मात्र एक फेरी मारच. सिलिंडर बंद, पायरी आत, दोरीवरचे टॉवेल काढले, कोपऱ्यातले पाय वर, ट्रेलरच्या साखळ्या हुकखाली फुलीसारख्या लावल्या. ठोकळे सगळ्यात शेवटी. ब्रेकलाइट लागतात का ते मागे उभं राहून सासऱ्यांना बघायला सांग, ते फार मनावर घेतात असली कामं.