तारीख कोणत्या रीतीची?

सातारा व सांगली या बाजूंस जुनीं मोडी दप्तरें सांपडतात. त्यांत वर्षाच्या जागीं पुष्कळदां अंक नसून ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे शब्द असतात. हे अरबी संख्याशब्द होत : एक, साठ, शंभर व हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. हा सन जूनच्या आरंभीं, सूर्य मृग नक्षत्रांत शिरतांच, पालटे. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत त्यांत ५९९ व पुढें ६०० मिळविले कीं इसवी सन निघतो. १४ जानेवारी १७६१ चा पानिपतचा संग्राम याच सालांतला. शालिवाहन शक मात्र १६८२. कित्येक पत्रांत तर दिवस व महिनाच असे. मिरजेच्या हायस्कुलांतील शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांचीं पत्रें छापिलीं. अशा कामांत साल मजकुरावरून ताडावें लागतें.

आजचा घोटाळा याच जातीचा आहे. ३/४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेंत ४ मार्च. संगणकास लेखी आज्ञा देऊन तारीख मागतांना युनिक्स पद्धतींत लहान ‘एम्’ महिना दर्शवितो, मोठा ‘एम्’ मिनिटें! अशा आज्ञेच्या माहितीपत्रकांत ‘हवा तो नमुना द्यावा’ एवढेंच लिहिणें आम्हांस अपुरें वाटतें. प्रत्येक अक्षराचा अर्थ सांगून शेजारीं उदाहरण द्यावें, आणि तें १२ च्या पुढील दिवसाचें असावें. ३/४ या उदाहरणानें कोणासच कांहीं उमगत नाहीं. पानिपतचाच दिवस घ्या : १४/०१/१७६१, किंवा १९८८ च्या आंतरराष्ट्रीय नमुन्याप्रमाणें १७६१-०१-१४.